मसुराच्या दाण्याएवढं

पान दोनशे तेरावर तो पुन्हा गेला.
आधी पंखा किंचाळला, मग पडदा काळा,
आणि खोलीत एकदम
शनिवार पेठेतला भंगारवाला ऐकू आला.
मे महिना, दुपारचे अडीच.
पुस्तक एका निवृत्त उपअभियंत्याचं;
त्यांच्या धरणाचा दरवाजा नेमका अडकला होता
आणि पाणी चढत होतं.
मी सेव्ह केलं नव्हतं.

तीन आठवडे असंच चाललंय.
कॅबिनेटची एक बाजू उघडी,
स्टुलावर टेबलफॅन, तोंड त्याच्याकडे.
माणसांना वारा नाही.
खासनीसकाका प्रुफं तपासतात,
घाम त्यांच्या लाल खुणांवर टपकतो
आणि नसलेल्या चुका दिसायला लागतात.
"असू दे," म्हणतात, "त्यालाच द्या. घरात कमावता तोच आहे."

पडद्याच्या कोपऱ्यात मी आकडा उघडून ठेवते.
एकाहत्तर. एकोणऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
चौऱ्याण्णवला कीबोर्डवरचे हात उचलायचे,
उतू जाणाऱ्या दुधापुढे उभं राहावं तसं,
फक्त गॅसचं बटण कुठे ते माहीत नाही.

तापकीर गल्लीतून मुश्ताक अत्तार आला.
तोंडाला रुमाल, खिशात रंगाऱ्याचा ब्रश.
"मॅडम, शेवटचं कधी उघडलं होतं?"
मी छताकडे बघितलं.

हीटसिंकच्या पात्यांमधून धूळ निघाली
गोधडीसारखी, अखंड, घडीसकट.
मेट्रोसाठी खणलेला रस्ता होता तिच्यात,
कटिंग मशीनचा भुसा,
फळीवरच्या गणपतीची उदबत्ती,
मांजराचे केस (मांजर जाऊन तीन वर्षं झाली),
आणि एक जांभळा धागा,
सुलक्षणाच्या ओढणीचा असणार.
साडेसहा वर्षं हे सगळं तो ओढत होता
आणि मी म्हणत होते, स्वस्तातला घेतला, चुकलंच.

धातूचा ठोकळा त्याने जरासा पिळून उचलला.
खालची पेस्ट वाळलेली,
पानाच्या डब्यातल्या जुन्या चुन्यासारखी खवले धरलेली.
स्पिरिटने पुसल्यावर इतकं लख्ख,
की मला माझं नाक दिसलं.
"एवढं गुळगुळीत आहे, मग पेस्ट कशाला?"
"दिसायला," मुश्ताक म्हणाला.
"दोन्हीकडे बारीक खड्डे असतात.
टेकलेत असं वाटतं, टेकलेले नसतात.
मध्ये हवा राहते, आणि अडकलेली हवा
ताप पुढे जाऊ देत नाही."

सुलक्षणा आणि मी अकरा वर्षं एका टेबलावर होतो.
भांडण असं झालंच नाही.

त्याने नळी दाबली. मसुराच्या दाण्याएवढं.
"बस?"
"जास्त लावलं तर तीच मध्ये येते."
मग स्क्रू, कर्णाकर्णाने, थोडे थोडे,
गाडीचं चाक बसवताना आवळतात तसे.
वायरी एका बाजूला बांधल्या.
पुढचा पंखा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा;
आमचे दोन्ही आतच घेत होते.
कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे.
साडेतीनशे रुपये. चहा नको म्हणाला,
पाणी मात्र दोन तांबे प्यायला.

सुरू केला. अडतीस. एकेचाळीस.
सगळं पुस्तक एकदम उघडलं, नकाशांसकट.
सत्तावन्न, आणि तिथेच थांबला.
अडकलेला दरवाजा मी पुन्हा टाइप केला,
पुढच्या ओळीत तो उघडला.
खोली इतकी गप्प, की कळलं,
खासनीसकाका वाचताना पुटपुटतात,
स्वल्पविरामसुद्धा म्हणतात.
इतकी वर्षं ते ऐकूच आलं नव्हतं.

टेबलफॅन उचलून त्यांच्याकडे फिरवला
आणि दोनशे पानं उडाली.
काका ओरडले. मला हसू आवरेना.
दोघं गुडघ्यांवर, धरण गोळा करत.
एकशे अठ्ठ्याण्णव सुलक्षणाच्या खुर्चीखाली गेलं होतं.
काढताना सीटवर हात फिरवला,
बोटं काळी झाली.

नळीत अजून पेस्ट आहे.
टोपण घट्ट लावा, मुश्ताक सांगून गेलाय,
नाहीतर वाळते.